मायनस ऐंशी

१

सोमवारी सकाळी साडेआठला फ्रीजरच्या खोलीतलं पाणी दाराखालून बाहेर आलं होतं, ते पार जिन्यापर्यंत. ताई धावत पोचली तेव्हा दशांश भिंतीला टेकून त्या पाण्यातच बसली होती. तिचे मोजे चिंब झाले होते आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

"ताई, प्लग," ती म्हणाली. "कुणीतरी प्लग काढलाय."

दशांश म्हणजे शेवटच्या वर्षाची संशोधक विद्यार्थिनी. किती वाजले म्हणून विचारलं तर ही पोरगी 'नऊ' म्हणायची नाही, 'आठ अठ्ठावन्न' म्हणायची. म्हणून सगळा विभाग तिला दशांश म्हणे आणि तीही ओ देई.

ताईने आत डोकावून पाहिलं. कपाटाएवढा तो जुना फ्रीजर मुकाट उभा होता, प्लग खाली जमिनीवर पडलेला. आत दशांशच्या प्रबंधासाठीचं, एका वृद्धाश्रमातल्या चाळीस जणांचं रक्त होतं, तीन वर्षं दर सहा महिन्यांनी घेतलेलं. उणे ऐंशी अंशांवर ठेवायचं ते रक्त आता कोमट झालं होतं. त्या चाळीसातले अकरा जण एव्हाना वारलेही होते. त्यांच्याकडे आता परत कुठल्या तोंडाने जायचं?

ताईला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. सात आठवड्यांपूर्वी तिचा धाकटा भाऊ गेला, तेव्हापासून तिला काहीच धड वाटत नव्हतं. जेवण चवीला लागत नव्हतं, झोप लागत होती पण पुरत नव्हती, रडू तर एकदाही आलं नव्हतं. कामावर मात्र ती वेळेवर यायची. संशोधक कक्षाची ती समन्वयक. टेबलं वाटून द्यायची, शिष्यवृत्त्यांच्या जाहिराती फळ्यावर लावायच्या, अर्ज गोळा करायचे, बुधवारच्या बैठकीला चहा सांगायचा. तिने आयुष्यात एका परीक्षानळीला हात लावला नव्हता.

थोड्या वेळाने विभागप्रमुख आले. सगळे त्यांना नुसतं 'सर' म्हणत. त्यांनी पाण्याकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं आणि इमारतीच्या किल्लीची वही मागवली. रविवारी दुपारपर्यंत इमारत उघडीच असे; नंतर कुलूप लागलं की किल्ली नेणाऱ्याने वहीत सही करायची. या रविवारी चार ते सहा, एकच सही होती.

सही फ्यूजकाकांची होती.

२

सरांना भानगड आवडत नसे. ती मिटवायला तर त्याहून आवडत नसे, म्हणून ते ती दुसऱ्याच्या गळ्यात घालत. या खेपेला गळा ताईचा होता.

"हे बघा, सरळ आहे," सर म्हणाले. "फ्रीजरच्या दारावरचा नोंदीचा कागद पाहिला मी. शनिवारी सकाळी मायनस ऐंशी, रविवारी सकाळी मायनस ऐंशी. नोंद दशांशची, म्हणजे डोळे मिटून खरी. म्हणजे रविवारी सकाळपर्यंत यंत्र ठणठणीत. त्यानंतर इमारतीत आला कोण? एकच माणूस."

"काका कशाला प्लग काढतील, सर?"

"फोन चार्ज करायला, पंखा लावायला, मला काय ठाऊक! मुद्दाम काढला असं मी म्हणतच नाही. पण हलगर्जीपणा तो हलगर्जीपणाच."

"पाणी खूप होतं पण."

"दाराचं रबरी सील गेलंय त्याचं. वितळलं भराभर."

फ्यूजकाका विभागातले तंत्रज्ञ. उडालेल्या फ्यूजपासून बिघडलेल्या सूक्ष्मदर्शकापर्यंत सगळं त्यांच्याकडे यायचं. विभागात दर वर्षी कर्मचाऱ्यांपैकी एकाला नोकरी सांभाळून संशोधनाची पदवी करण्याची जागा मिळते. काकांनी तीन वर्षं अर्ज केला होता, तिन्ही वेळा दुसऱ्याचा नंबर लागला. या वर्षी दुसरा अर्जदारच नव्हता. वयाची अट बावन्नची, आणि काकांना पुढच्याच महिन्यात बावन्न पूर्ण होत होती. म्हणजे या वर्षी नाही तर कधीच नाही.

"शिफारस बुधवारी अकराला पाठवायची आहे," सर पेनाचं टोपण लावत म्हणाले. "अशा माणसाची शिफारस माझ्या हातून जाणार नाही. तुम्ही चौघांशी बोलून एक टिपण करा. तुम्ही कुणाच्याच गटात नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. आणि काकांचा अर्ज गठ्ठ्यातून काढून ठेवा."

जाता जाता त्यांनी विचारलं, "बाकी, तुम्ही बऱ्या आहात ना?"

"हो, बरी आहे," ताई म्हणाली. आता हे तिला पाठ झालं होतं.

३

काका सोडून संशय घ्यावा असा एकच जण होता, स्कॉलर. दुसऱ्या विद्यापीठातल्या दोन वर्षांच्या फेलोशिपसाठी विभागातून एकच नाव जायचं होतं, आणि अर्ज दोन आले होते. एक दशांशचा, एक याचा. दशांशचे नमुने गेले तर फायदा कुणाचा, हे सांगायला पंडित नको.

सोमवारी दुपारी स्कॉलर कक्षात आला तो थेट परिषदेतून. हातात बॅग, गळ्यात अजून नावाचं कार्ड लटकलेलं. शुक्रवार ते रविवार तो दुसऱ्या गावात शंभर लोकांसमोर बसलेला होता. त्याच्यावरचा संशय तिथंच संपला.

"आयला, सगळे नमुने?" तो मट्कन खुर्चीत बसला. "सगळे? ताई, मला ती फेलोशिप हवी होती हो, पण अशी नको."

ताईने वही उघडली. "तुझी पण पाळी असते ना फ्रीजरची?"

"सोमवार-मंगळवार, महिन्यातून एक आठवडा." त्याने इकडेतिकडे पाहिलं. "खरं सांगू? मी सोमवारीच दोन्ही दिवसांचं लिहून टाकतो. मायनस ऐंशी, मायनस ऐंशी, खाली सही. अहो, सगळेच तसं करतात. ऐंशीवर लावलाय म्हटल्यावर ऐंशीच असणार! तो कागद भरायचा असतो, वाचायचा नसतो."

"म्हणजे बघत कुणीच नाही?"

"दशांश बघते. तिच्याकडे बुधवार असतो, आणि शनिवार-रविवार तर कुणालाच नको असतात, म्हणून तेही तिच्याच माथी मारलेत. ती खोलीत जाऊन, वाकून, आकडा वाचून लिहिते. तिच्यापुढे आम्ही सगळे लाज सोडलेले."

"आणि तापमान वाढलं तर वाजणारी घंटा?"

"ती केव्हाच बंद केलीय. दिवसभर बोंबलायची. डोकं उठायचं."

"का बोंबलायची?"

"ते काकांना विचारा बुवा."

ताईने वही मिटली आणि पुन्हा उघडली. "रविवारी संध्याकाळी प्लग काढला, तर सोमवारी सकाळी जिन्यापर्यंत पाणी येईल?"

स्कॉलरने तोंड उघडलं आणि तो तसाच थांबला. बोटांवर काहीतरी मोजलं. "नाही यायला पाहिजे, खरं तर," तो हळूच म्हणाला. "भरलेला फ्रीजर, दार बंद. सील गेलेलं असलं तरी दीड दिवस लागेल. जास्तच." मग त्याने खांदे उडवले. "पण दशांशची नोंद आहे ना रविवारची! मग झालंच असेल काहीतरी."

तेवढं शिकलेलं पोरगं, डोळ्यांसमोरचं पाणी सोडून कागदावर विश्वास ठेवत होतं. ताईला नवल वाटायला हवं होतं. तिने फक्त लिहून घेतलं: दीड दिवस.

४

काकांची खोली तळघरात. टेबलावर एक यंत्र पोट फाडून ठेवलेलं, आणि काका त्यात तोंड खुपसून बसलेले.

"या ताई. बसा. तो स्टूल नको, त्याचा एक पाय बेइमान आहे."

ताई दुसऱ्या स्टुलावर बसली. "काका, रविवारी आला होतात?"

"आलो होतो. चार ते सहा. वर कक्षात बसलो होतो."

"कशासाठी?"

"अर्जाची पुरवणी लिहीत होतो. जाताना तुमच्या गठ्ठ्यात ठेवली. घरी कुठं लिहू? दोन खोल्या. एकीत आईचा पलंग, दुसरीत पोरीचा अभ्यास. शनिवारचाही अर्धा दिवस असतो माझा, पण या शनिवारी आईपाशी थांबावं लागलं. मग रविवारी आलो."

"फ्रीजरच्या खोलीत गेला होतात?"

"नाही."

"कुणी पाहिलं?"

"रविवारी कोण बघणार? मीच मला पाहिलं."

एरवी या वाक्यावर दोघंही हसले असते. काकांनी स्क्रू काढून वाटीत टाकला. त्यांनी एकदाही वर पाहिलं नव्हतं.

"काका, त्या फ्रीजरची घंटा का वाजायची?"

"जुनं झालंय यंत्र."

"म्हणजे काय होतं त्याला?"

"जुनं झालं म्हणजे जुनं झालं, ताई. माणसाला काय होतं म्हातारपणी? तेच."

"तुमचं नाव जाणार आहे. सरांनी अर्ज काढून ठेवायला सांगितलाय."

आता मात्र काकांनी वर पाहिलं. चेहरा पडला होता, पण आवाज चढला नाही. "मी प्लग काढला नाही, एवढं लिहा. बाकी मला काही बोलायचं नाही."

"कुणी काढला ते माहीत आहे तुम्हाला?"

काकांनी पुन्हा यंत्रात डोकं घातलं. ताई उठली. त्यांना माहीत होतं, आणि ते सांगणार नव्हते.

५

मंगळवारी दुपारी ताई एकटीच फ्रीजरच्या खोलीत गेली. सरांनी दारावर 'हात लावू नये' अशी चिठ्ठी डकवली होती. सोमवारी घाईत कुणीतरी प्लग लावून पाहिला होता, हिरवा दिवा लागला, नमुने गेलेलेच होते, म्हणून पुन्हा काढून ठेवला होता. बस, एवढीच त्या यंत्राची तपासणी झाली होती.

ताईने चिठ्ठी बाजूला केली आणि प्लग लावला. दिवा लागला. पडद्यावर खोलीचं तापमान आलं. ती स्टूल ओढून वाट पाहत बसली.

वाट पाहण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. सात आठवड्यांपूर्वी ती अशीच एका यंत्राशेजारी बसली होती, नऊ दिवस. ते यंत्र शेवटपर्यंत चालू होतं, भाऊच थांबला. ते तिला स्पष्ट आठवलं आणि आठवून काहीच झालं नाही.

वीस मिनिटं झाली. दिवा तसाच, आकडा तसाच. मोटरची घरघर नाही की धडधड नाही. वीज होती, पण यंत्र उठतच नव्हतं. म्हणजे प्लग काढल्यामुळे ते बंद पडलंच नव्हतं. ते आपसूक मेलं होतं, आणि दीड दिवसाचा हिशेब धरला तर उशिरात उशिरा शनिवारी संध्याकाळी. प्लग कुणीतरी मागाहून काढला होता.

मग रविवारी सकाळी मायनस ऐंशी कसं?

ताई दारावरच्या कागदापुढे उभी राहिली. सगळ्यांच्या सह्या, सगळीकडे मायनस ऐंशी, ओळीने. त्यात दशांशच्या ओळी तेवढ्या वेगळ्या. मायनस शहात्तर. मायनस पंचाहत्तर. मायनस शहात्तर. मायनस सत्याहत्तर. आणि सगळ्यात शेवटी, गेल्या शनिवारी आणि रविवारी, एकाच शाईत, एकाखाली एक: मायनस ऐंशी. मायनस ऐंशी.

ती कक्षात परत आली, खण उघडला आणि काढून ठेवायला सांगितलेला काकांचा अर्ज बाहेर काढला. ती अर्ज कधी वाचत नसे. फोटो, सही आणि दाखले तपासून गठ्ठ्याला दोरी बांधायची, एवढंच तिचं काम. आज तिने पहिलं पान उलटलं. काकांचा विषय होता: प्रयोगशाळेतल्या रोजच्या नोंदी आणि यंत्रांची खरी स्थिती.

पुरवणीत तक्ता होता. काकांनी चारशे दिवस त्या फ्रीजरचा आकडा स्वतः वाचून खिशातल्या डायरीत टिपला होता. खाली लिहिलं होतं, 'दोन वर्षांत हे यंत्र मायनस सत्याहत्तरच्या खाली एकदाही गेलेलं नाही. त्यामुळेच घंटा वाजत असे. नोंद करणाऱ्या नऊ जणांपैकी आठ जण आपल्या पाळीला मायनस ऐंशीच लिहितात. क्रमांक सहाची नोंद तेवढी माझ्या नोंदीशी प्रत्येक वेळी जुळते.'

क्रमांक सहा कोण, हे त्यांनी लिहिलं नव्हतं.

६

दशांश कक्षाच्या कोपऱ्यात आपल्या टेबलाशी बसली होती. संगणक चालू, पडदा रिकामा. पाच वाजले होते आणि लोक डबे, पिशव्या आवरत होते. ताई खुर्ची ओढून तिच्याजवळ बसली.

"शनिवारी सकाळी किती होतं गं तापमान?"

"ऐंशी. लिहिलंय की मी."

"तो फ्रीजर ऐंशीपर्यंत जात नाही. दोन वर्षं झाली."

दशांशने टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली.

"शुक्रवारी फेलोशिपचा अर्ज पाठवला," ती म्हणाली. "पाच वाजून बारा मिनिटांनी. मग खाली गेले आणि शनिवार-रविवारचं लिहून टाकलं. तीन वर्षांत पहिल्यांदा. म्हटलं, सगळे करतात. आकडाही नाही बघितला हो मी. हाताने आपोआप सगळ्यांसारखं ऐंशी लिहिलं. मग खोलीवर जाऊन झोपले."

"दोन दिवस?"

"दोन दिवस. मधे उठले, बिस्किटं खाल्ली, परत झोपले. आजारी नव्हते. कुणाशी भांडण नाही, काही नाही. उठावंसंच वाटेना."

ताईला ते पुरतं समजलं. समजावून सांगायची गरजच नव्हती.

"सोमवारी आले तर पाणी," दशांश पुढे म्हणाली. "दिवा चालू होता, यंत्र गप्प. आधी मी दार उघडून नळ्या बघितल्या. मग कागदावर माझी सही दिसली. मग प्लग माझ्या हातात होता. आपल्यामुळे ते सगळं रक्त गेलं हे मला सहन होईना, ताई. कुणीतरी केलं असं हवं होतं. कुणीतरी दुसऱ्याने."

"काकांचं नाव आलं तेव्हा?"

"तेव्हा गप्प बसले. ते शुद्धीत केलं. त्याला काही सबब नाही."

खिडकीबाहेर कुणीतरी सायकलचं कुलूप काढत होतं. ताईने वही मिटली. "उद्या अकराला मला टिपण द्यायचंय. साडेदहाला बुधवारची बैठक आहे. तुला स्वतः बोलायचं असेल तर त्यात बोल. नाहीतर मी लिहीन ते सर वाचतील."

"तुम्हाला माझा राग येत नाहीये?"

"मला सध्या काहीच येत नाही," ताई म्हणाली. हे ती पहिल्यांदाच कुणाला तरी खरं सांगत होती.

७

बुधवारच्या बैठकीत दर आठवड्याला कुणीतरी आपलं अर्धवट काम सगळ्यांपुढे मांडतं, आणि बाकीचे चहा पीत त्याच्या चुका काढतात. त्या दिवशी पाळी स्कॉलरची होती. तो उठणार एवढ्यात दशांश उभी राहिली.

तिने सगळं सांगितलं. शुक्रवार, कागद, झोप, पाणी, प्लग. आकडे, वेळा, सगळं नेमकं. आवाज कुठं कापला नाही. बोलून झाल्यावर बसायचं की उभं राहायचं ते तिला कळेना, म्हणून ती उभीच राहिली. कुणी कप खाली ठेवला नाही, कुणी उचललाही नाही. त्या खोलीतल्या आठ जणांनी गेल्या महिन्यात मायनस ऐंशी लिहिलं होतं आणि त्यातला एकही जण मान वर करायला तयार नव्हता.

सरांनी घसा साफ केला. "तुझं नाव फेलोशिपसाठी जाणार नाही. तुझ्या पीएचडीच्या नोंदणीचं काय करायचं ते नंतर बघू."

"हो, सर."

मग सर दाराकडे वळले. काका तिथं उभे होते. बैठकीत कर्मचारी बसले तरी चालतं, पण काका कधी बसत नसत.

ताईने टिपण पुढे केलं आणि त्यावर काकांचा अर्ज ठेवला, पुरवणीचं पान उघडून. सरांनी ते पान वाचलं. मग पुन्हा वाचलं. त्यांचे कान लाल झाले.

"काका, हे तुमच्याकडे होतं?"

"हो."

"म्हणजे सोमवारी तो कागद बघितल्याबरोबर तुम्हाला कळलं असणार."

"कळलं."

"मग बोलला का नाहीत? हे एक पान माझ्यापुढे टाकलं असतंत तर तुम्ही सुटला असता! पुढच्या महिन्यात तुमचं वय संपतंय, माणसा!"

काकांनी हात मागे बांधले. "सर, चारशे दिवस मी या इमारतीत खरं लिहिणारं माणूस शोधत होतो. एकच सापडलं. त्या पोरीला खोटी ठरवून मी जागा घ्यायची, आणि मग संशोधन कशावर करायचं?"

अकराला पाच कमी होते. सरांनी खिशातून पेन काढलं, शिफारशीच्या कागदावर सही केली, तारीख घातली आणि कागद ताईकडे दिला. "लगेच पाठवा," ते म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा बराच खाली आला होता.

बैठक मोडली. स्कॉलरने आपलं मांडलंच नाही. लोक एकेक करून, दशांशजवळून जाताना थोडे थबकत, बाहेर पडले. ताईने शिफारस पाठवली, शिफारस झालेल्यांच्या यादीत काकांचं नाव हाताने लिहिलं आणि यादी फळ्यावर लावली. काका चष्मा पुसून ती वाचत उभे राहिले. पुन्हा पुन्हा वाचत होते, जणू त्यात एखादी चूक निघेल.

दशांश त्यांच्या मागे येऊन उभी राहिली.

"काका, चुकलं माझं."

"हो, चुकलं."

"शेजारच्या विभागाने त्यांचा फ्रीजर दिलाय, विभागातल्या बाकीच्यांचे नवे नमुने ठेवायला." ती जमिनीकडे बघत होती. "सकाळच्या नोंदीला आता दुसरं कुणीतरी नेमायला हवं. तेवढंच विचारायला आले होते. कुणाला सांगू?"

काकांनी यादीवरची नजर काढली नाही. "कुणाला म्हणजे? तूच घे."

"मी?"

"मग काय या बाकीच्यांना देऊ? उद्या सकाळी ये. मीही येतो. आकडा तू वाच, मी तुझ्या मागून बघतो."

दशांशने मान हलवली. ताई टेबलामागे हातात टाचण्यांची डबी घेऊन उभी होती. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं आणि ते थांबत नव्हतं. कुणापासून लपवावं असंही तिला वाटलं नाही. ती डबी बाजूला ठेवून खुर्चीत बसली आणि रडली.